स्वागत समारंभाची टेबले घरच्या घरी सजवताना

लग्नाच्या खर्चाची यादी करताना सभागृह, जेवण, दागिने आणि कपडे यांवर घरात भरपूर चर्चा होते. सजावटीचा आकडा मात्र मुहूर्त जवळ आल्यावर पुढे येतो आणि तोही बहुधा एकगठ्ठा असतो. व्यासपीठ, प्रवेशद्वार आणि स्वागत समारंभातील प्रत्येक गोल टेबलाच्या मध्यभागी ठेवायची पुष्परचना, असे सारे त्यात एकत्र बांधलेले असते. दोनशे पाहुण्यांसाठी दहा जणांची वीस टेबले धरली, तर या रचनेचा दर वीसने गुणला जातो, हे गडबडीत लक्षात येत नाही. व्यासपीठ घरी सजवणे अवघड असते. टेबले मात्र घरातील चार माणसांना सहज सजवता येतात आणि वधूपित्याच्या डोक्यावरील भार थोडा तरी हलका होऊ शकतो.

व्यावसायिक रचनेची किंमत केवळ फुलांची नसते. डच गुलाब, कार्नेशन, लिलियम अशी लांब दांड्यांची फुले, ती खोचण्यासाठी हिरवा फोम, उंच स्टँड, मजुरी आणि वाहतूक असे सारे त्यात येते. फुलवाले ज्याला ‘ओएसिस’ म्हणतात तो हिरवा फोम हे एक प्रकारचे प्लॅस्टिकच आहे. तो एकदाच वापरला जातो, हाताने चुरला की त्याची भुकटी होते आणि ही भुकटी कुजत नाही. थर्माकोलचा पर्याय तर कायद्यानेच बंद आहे. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. फुले उभीच हवीत, हा आग्रह सोडला की यातील बहुतेक बाबींची गरजच उरत नाही.

फुलपात्र, घंगाळ आणि परडी

सर्वांत स्वस्त आणि देखणी रचना म्हणजे पाण्यावर तरंगणारी फुले. पितळी घंगाळ, परात किंवा खोलगट थाळी यांपैकी काही ना काही नातेवाइकांच्या घरी माळ्यावर असतेच. चिंच आणि मिठाने घासले की पितळ लखलखते. वीतभर रुंदीच्या भांड्यासाठी साधारण पाव किलो झेंडू किंवा शेवंती पुरते, म्हणजे वीस टेबलांना पाच किलो. बाजारात सुटी फुले किलोवर आणि काडीची फुले गड्डीवर विकली जातात. या रचनेला दांडीच लागत नसल्याने सुट्या फुलांवर भागते. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा मुंबईत दादर पश्चिमेच्या फूलबाजारात पहाटे गेल्यास निवड चांगली मिळते. लग्नाची दाट तिथी आणि सणांचे दिवस असले की भाव चढतात, तेव्हा एकाच फुलावर अडून न बसता त्या दिवशी जे भरपूर आले असेल ते घेणे शहाणपणाचे. बाजूने आंब्याची किंवा अशोकाची पाने लावली, तर फुले आणखी कमी लागतात.

उभी फुले हवीच असतील, तर फुलपात्र आहे. मराठी घराने पाणी पिण्याच्या भांड्याला हे नाव दिले, पण त्यात फूल ठेवायचे सहसा कोणाला सुचत नाही! एका टेबलावर तीन फुलपात्रे आणि प्रत्येकात शेवंतीच्या दोन-तीन काड्या एवढे पुरे होते. मातीची मडकी वापरायची असल्यास कुंभाराकडून थेट घ्यावीत, मात्र कच्चे पाणी त्यात भरू नये. मडके पाझरते आणि टेबलक्लॉथ भिजतो. आत एखादा छोटा पेला ठेवावा. केळीच्या खांबाचे वीतभर तुकडे हा फोमला उत्तम पर्याय आहे. खांबात मुळातच पाणी असते. सुईने किंवा काडीने भोक पाडून दांडी खोचता येते. परंतु केळीच्या चिकाचा डाग कापडावरून सहसा जात नाही. खाली थाळी हवीच. बुरुडांकडच्या वेताच्या किंवा बांबूच्या परड्या कोरड्या सजावटीला शोभतात. त्यात सुपाऱ्या, हळकुंडे, जोंधळ्याची कणसे मांडता येतात आणि ही मांडणी दोन दिवस आधी करून ठेवली तरी बिघडत नाही.

आंब्याची अढी आणि फुले

घरगुती सजावट फसते ती बहुधा आदल्या रात्री. फुले आणली, की काड्यांची टोके तिरकी कापून, पाण्यात बुडणारी पाने काढून, गार जागी बादलीत ठेवावीत. जरबेराची दांडी मऊ असते, ती खोल पाण्यात लवकर कुजते. तिला चार बोटे पाणी पुरते. सुटा झेंडू पाण्यात न भिजवता ओलसर फडक्याखाली टोपलीत पसरून ठेवावा. वैशाखातील लग्नात एक चूक हमखास होते. ज्या खोलीत आंब्याची अढी लावलेली असते, त्याच खोलीत जागा आहे म्हणून फुले ठेवली जातात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले लवकर कोमेजतात. कार्नेशन तर त्याला विशेष बळी पडते. फळे भरलेल्या फ्रिजलाही हेच लागू आहे.

सुवासाचा विचारही वेगळा करावा लागतो. गुलछडी आणि मोगरा प्रवेशद्वाराशी शोभतात, पानाशेजारी नाही. मसालेभाताच्या वासावर गुलछडीने कुरघोडी केलेली जेवणाऱ्याला आवडत नाही. उंचीचेही तसेच आहे. रचना बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या खाली राहिली, तरच समोरच्याशी बोलता येते. पणत्या लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण पंख्याखाली त्या टिकत नाहीत आणि कित्येक सभागृहांत ज्योतीला परवानगीच नसते. जेथे लांब टेबलांवर एका बाजूला पंगत बसते आणि समोरून वाढपी फिरतात, तेथे मध्ये काही ठेवणे वाढप्यांच्या वाटेत येते. अशा ठिकाणी सजावट नसलेली बरी.

सभागृहाशी करार करतानाच दोन गोष्टी विचारून घेतल्या पाहिजेत. बाहेरची सजावट चालते का, आणि जागा किती वाजता ताब्यात मिळते. काही सभागृहांत ठरलेल्या सजावटकाराशिवाय दुसऱ्याला काम करू देत नाहीत. मग घरची सारी तयारी वाया जाते. वीस भांडी मांडून पाणी भरून फुले सोडायला सराव असलेल्या चार जणांना तासभर लागतो. भांडी भरून नेता येत नाहीत, म्हणून बादली आणि तांब्या सोबत हवा. पंधरा दिवस आधी एक रचना करून ती घरच्या टेबलावर ठेवून पाहिली, त्याभोवती बसून एकदा जेवले, की उरलेले दोष आपोआप दिसतात.

समारंभ संपल्यावर फुले निर्माल्यात किंवा खतात जातात. भांडी मात्र मोजून परत करायची असतात. काकू, मावशी, शेजारी अशा पाच-सहा घरांतून ती आलेली असतात, तेव्हा यादी एकाच्याच हाती द्यावी. जुन्या पितळी भांड्यांवर नावे कोरलेली असतात, त्यांचा घोळ होत नाही. स्टीलची फुलपात्रे मात्र सगळी एकसारखी. त्यांच्या तळाला आधीच कागदाची चिठ्ठी चिकटवलेली बरी.