श्वासापुरती ऊब

युरोपातील घरे उबदार ठेवण्याच्या तंत्राचा इतिहास शेगडी, बॉयलर, रेडिएटर अशा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जात असला, तरी नव्या निवासी इमारतींच्या बाबतीत निर्णायक ठरला तो घराला मुळात उष्णता किती लागावी याचा हिशेब; आणि या हिशेबाचा भक्कम पुरावा जर्मनीतील डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात १९९१ साली राहती झालेली, एका रांगेतील चार घरे देतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे बो अॅडमसन आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्या १९८८ मधील चर्चेतून ‘पॅसिव्ह हाउस’ ही कल्पना पुढे आली. ऊन, माणसांच्या अंगची ऊब आणि चुलीपासून दिव्यांपर्यंतच्या उपकरणांची उष्णता घराबाहेर निसटू दिली नाही, तर वेगळ्या तापनाची गरज नाममात्र उरते, असे तिचे सार सांगता येईल. स्वतः फाइस्ट यांचे कुटुंब या चारांपैकी एका घरात राहू लागले, ही गोष्ट प्रयोगाच्या विश्वासार्हतेसाठी लहान नव्हे.

या घरांच्या भिंतींवर सुमारे २७ सेंटिमीटर आणि छतात सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीचा उष्मारोधक थर होता, खिडक्यांना तिहेरी काच होती, आणि बाहेर जाणाऱ्या कोंदट हवेची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारे, मात्र दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळू न देणारे उष्णता-विनिमय यंत्र होते. पॅसिव्ह हाउसच्या मानकातील प्रति चौरस मीटर १० वॉट ही कमाल तापनभाराची मर्यादा याच हवेच्या हिशेबातून निघते. माणशी ताशी ३० घनमीटर ताजी हवा लागते; एक घनमीटर हवा एका अंशाने तापवण्यास सुमारे ०.३३ वॉट-तास ऊर्जा पुरते. आणि हवा ५० अंश सेल्सियसच्या पलीकडे तापवल्यास तीतील धूळ करपून वास येऊ लागत असल्याने खोलीच्या तापमानापेक्षा ती फार तर ३० अंश अधिक तापवता येते. या तिन्हींचा गुणाकार माणशी सुमारे ३०० वॉट होतो आणि माणशी ३० चौरस मीटर जागा धरली की प्रति चौरस मीटर १० वॉट उरतात. श्वासासाठी लागणारी हवाच घर उबदार ठेवण्यास पुरावी, ही अट इतक्या साध्या अंकगणितात बसलेली आहे. क्रानिखश्टाइनमधील घराइतक्या, म्हणजे १५६ चौरस मीटरच्या घराला या मर्यादेनुसार ऐन थंडीतही दीडेक किलोवॉट उष्णता पुरते. पुण्या-मुंबईच्या न्हाणीघरातील साधा गिझर याहून अधिक वीज ओढतो.

अर्थात फटीतून वारा शिरत असेल, तर हे सारे गणित कोलमडते. म्हणून घरात ५० पास्कल इतका दाबफरक निर्माण करून गळती मोजतात आणि ती तासाला घरातील एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा अधिक असता कामा नये, असा दंडक आहे. भिंतीतून आरपार गेलेली बाल्कनीची काँक्रीटची लादी उष्णता बाहेर वाहून नेते. अशा ‘उष्मासेतूं’चा बंदोबस्त नकाशावरच करावा लागतो, कारण इमारत उभी राहिल्यावर तो फार महाग पडतो.

कामानिमित्त जर्मनीत गेलेल्या मराठी कुटुंबांना भाड्याचे ‘थंड’ आणि ‘उबदार’ असे दोन आकडे ऐकून प्रथम गंमत वाटते. पहिल्यात हीटिंग आणि इतर सेवांचा खर्च नसतो, दुसऱ्यात असतो. या दोन आकड्यांमधले अंतर कमी करण्यात घराच्या बांधणीचा मोठा वाटा असतो.

गरज अशी आटल्यावरच उष्णता-पंपाची निवड खऱ्या अर्थाने किफायतशीर ठरते. फ्रिज ज्या तत्त्वावर आतली उष्णता बाहेर टाकतो, त्याच तत्त्वावर हा पंप बाहेरची हवा, जमीन किंवा भूजल यांतील उष्णता उपसून घरात आणतो आणि अनुकूल स्थितीत एका युनिट विजेवर तीन-चार युनिट उष्णता देतो. परंतु बाहेरचे आणि आतल्या पाण्याचे तापमान यांतील दरी रुंदावली की हा लाभ घटतो. फरशीखालच्या नळ्यांमधून ३५ अंशांच्या आसपासचे पाणी फिरवून खोली उबदार होत असेल, तर पंपाचे ओझे हलके राहते. जुन्या रेडिएटरला लागणारे ६०-७० अंशांचे पाणी मात्र त्याचा दम काढते. जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून नव्या वसाहतींतील इमारतींच्या हीटिंगसाठी किमान ६५ टक्के नवीकरणीय ऊर्जेची अट लागू झाली. तिच्यावरून उठलेले वादळ प्रामुख्याने जुन्या घरांविषयी होते, हे स्वाभाविकच होते.

दाट वस्तीत प्रत्येक घरी स्वतंत्र यंत्र बसवण्याऐवजी एका केंद्रातून नळांनी गरम पाणी पुरवणारी सामायिक व्यवस्था सोयीची पडते. हायडेलबर्गच्या बानश्टाट या पॅसिव्ह हाउस वसाहतीने तीच स्वीकारली आहे.

राहिला प्रश्न आंघोळीचा. भिंती जाड केल्याने स्नानाचे पाणी कमी लागत नाही, त्यामुळे अशा घरांत खोल्या उबदार ठेवण्यापेक्षा पाणी तापवण्यावर अधिक ऊर्जा खर्च होऊ शकते. शिवाय कोमट साठ्यात लेजिओनेला हे रोगकारक जिवाणू वाढत असल्याने मोठ्या टाक्यांतील पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे लागते आणि पंपाची कार्यक्षमता नेमकी तिथेच खाली येते. यावर उपाय म्हणून काही नव्या इमारतींत पिण्यायोग्य गरम पाणी साठवतच नाहीत. नळ उघडताच ते घरातल्या लहानशा उष्णता-विनिमय पेटीत त्या क्षणापुरते तापवले जाते.