गळा ठीक आहे, वायर तपासा!

रात्री घरातले झोपले, गल्लीतल्या रिक्षा थांबल्या की बऱ्याच खोल्यांमध्ये एक उद्योग सुरू होतो. लॅपटॉप, हेडफोन, गिटार आणि उद्या फेस्टच्या ऑडिशनसाठी पाठवायचा ट्रॅक. आधी गिटार रेकॉर्ड होते, मग त्यावर गाणं. ऐकायला घेतलं की धक्का! गाणं तालाच्या मागे पळतंय, खालून घुंऽऽ अशी घरघर आणि आवाज बाथरूममधून आल्यासारखा. मग पहिला संशय स्वतःच्या गळ्यावर जातो आणि दुसरा जुन्या माइकवर. काही जण गाणंच बंद करतात, काही जण पॉकेटमनी साठवून नवा माइक मागवतात. आणि नव्या माइकमध्येही तेच सगळं, थोडं जास्त स्पष्ट, ऐकू येतं.

खरं तर आवाज एका साखळीतून जातो. गळा किंवा तार, खोली, माइक, केबल, ऑडिओ इंटरफेस (म्हणजे माइकचा सिग्नल यूएसबीतून कम्प्युटरला देणारा तो छोटा डबा), सॉफ्टवेअर आणि परत हेडफोन. बिघाड सहसा यातल्या एकाच कडीत असतो. पण आपण घाईघाईत चार गोष्टी एकदम बदलतो, त्यामुळे नेमकं कशाने सुधारलं तेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. कंटाळवाणं आहे, पण पैसे वाचतात.

सुरुवात नखाने करा. रेकॉर्डिंग चालू करून माइकची जाळी हलकेच खाजवा, मग लॅपटॉपच्या स्क्रीनची वरची कड खाजवा. दुसरा आवाज मोठा आला तर समजा, सॉफ्टवेअर लॅपटॉपच्याच माइकवरून ऐकतंय आणि तुमचा माइक समोर नुसता शोभेला उभा आहे. सेटिंगमध्ये इनपुट बदललं की झालं. काहीच आलं नाही, तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण बघा. कंडेन्सर माइकला ही वीज लागतेच. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइकला परवानगी आहे का, तेही बघून घ्या. आणि गिटारचा लांबत जाणारा शेवटचा सूर मध्येच गिळला जात असेल, तर नॉइज सप्रेशन बंद करा. ही सोय बोलण्यासाठी केलेली असते. एकसारखा टिकणारा सूर तिला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ती तो पुसून टाकते.

आता तालाचं दुखणं. यात चांगल्या चांगल्या गायकांचा आत्मविश्वास जातो. कम्प्युटर आवाज सलग घेत नाही, गठ्ठ्यांनी घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि बफर १०२४ वर असेल तर एक गठ्ठा भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. बाहेर येताना तेवढाच वेळ पुन्हा. हे झाले ४६. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला १६ मीटरवरून, कॉलेजच्या कॉरिडॉरच्या पलीकडच्या टोकाकडून आल्यासारखा मिळतो. अशा अवस्थेत कोण तालात गाईल? बफर १२८ वर आणा, हेच अंतर दोन मीटरच्या आसपास येतं. मग कडकड, टिकटिक असे आवाज येऊ लागले तर प्रोसेसरला घाई झेपत नाहीये. ब्राउझर आणि बाकीची अॅप्स बंद करा, नाहीतर २५६ वर थांबा. रेकॉर्डिंग संपवून मिक्सिंगला बसलात की बफर खुशाल वाढवा.

त्याहून सोपा उपाय बऱ्याच इंटरफेसवर आयताच असतो : डायरेक्ट मॉनिटर. त्याने आवाज कम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग तेव्हा बंद ठेवा, नाहीतर स्वतःला दोनदा ऐकाल. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा आसिओ ड्रायव्हर टाका. तो नसेलच तर आसिओफॉरऑल फुकट मिळतो. आणि ब्लूटूथ इअरबड्स? रेकॉर्डिंगला अजिबात नकोत. उशीर तर होतोच, शिवाय त्यांचा माइक चालू झाला की ऐकू येणारं संगीतही फोनकॉलसारखं होऊन जातं.

गाताना सगळं बरोबर वाटलं, पण नंतर ऐकताना गाणं मागे, असं झालं तर सॉफ्टवेअर नवा ट्रॅक चुकीच्या जागी ठेवतंय. ट्रॅकवर मेट्रोनोम वाजवा, हेडफोनची एक बाजू माइकला टेकवून तो रेकॉर्ड करा आणि दोन्ही ट्रॅक झूम करून बघा. दोन टिकटिकांमध्ये जेवढं अंतर, तेवढी दुरुस्ती लेटन्सी कॉम्पेन्सेशनच्या सेटिंगमध्ये भरायची.

अजून एक गंमत. प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झवर आणि हार्डवेअर ४८ वर असं झालं, की कधी कधी चार मिनिटांचं गाणं २० सेकंद आधीच संपतं आणि सूर दीड सेमीटोन वर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतं. कुठल्याच हार्मोनियमशी ते जुळत नाही. तुम्ही बेसूर नाही. दोन्हीकडचा आकडा एक करा.

घरघरीचं निदान लॅपटॉपच्या चार्जरपासून करा. पिन काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा. घरघर गेली तर दोष विजेच्या वाटेत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घुंऽऽ इतकी खालच्या सुरात असते. लॅपटॉप आणि अॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमरही इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये आवाज सोडतात. अर्थिंगची पिन मोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो जिवावर बेतू शकतो. पिकअपवाली अकूस्टिक गिटार थेट जोडल्यावर पत्र्यासारखी वाजत असेल, तर इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ बटण दाबलंय का ते बघा.

लेव्हल ठरवताना गाण्यातली सगळ्यात जोरदार ओळ गा. ध्रुवपद जिथे फुटतं ती. तेव्हाही मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. शून्याला धडकून फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही, पण हळू आवाज मोठा करणं २४ बिटमध्ये अगदी सोपं.

राहिली खोली, आणि माझ्या मते निम्मा खर्च इथेच वाचतो. बाथरूमसारखा आवाज माइकमुळे येत नाही, रिकाम्या भिंतींमुळे येतो. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात अर्थ नाही, पुठ्ठ्याला तेवढा आवाज शोषता येत नाही. जाड गोधडी किंवा गादी मात्र चालते. ती लोक माइकच्या मागे टांगतात. पण कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत. गोधडी तुमच्या पाठीमागे हवी. कपड्यांचं कपाट उघडून त्याला पाठ करून उभं राहिलं तरी फरक ऐकू येतो. तोंड माइकपासून एक वीत दूर. फार जवळ गेलात तर आवाज खर्जात फुगतो. ‘प’ आणि ‘फ’चे फटके थांबवायला आईच्या भरतकामाच्या रिंगवर जुना स्टॉकिंग ताणा. गिटारसाठी माइक भोकासमोर ठेवू नका, तिथे नुसती धमधम येते. बाराव्या फ्रेटच्या समोर, वीतभर अंतरावर ठेवा. पंखा बंद. मे महिन्यातही.

काहींना गिटार आणि गाणं वेगवेगळं जमतच नाही. हात थांबले की गळाही थांबतो. त्यांनी एकत्रच करावं. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८२च्या ‘नेब्रास्का’ अल्बमची गाणी न्यू जर्सीतल्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आणि साध्या एसएम५७ माइकवर रेकॉर्ड झाली. आज अगदी साध्या लॅपटॉपमध्येही त्याहून जास्त ट्रॅक बसतात. दोन माइक लावून आवाज पोकळ येत असेल, तर दोघांत एकच आवाज थोड्या उशिराने शिरतोय. त्यांच्यातलं अंतर वाढवा. नाहीतर एकच माइक ठेवा आणि स्वतः मागे-पुढे सरकून गळा आणि गिटार यांचं माप जमवा.

हे सगळं करूनही ‘हा माझा आवाजच नाही’ असं वाटेल. बोलताना आपण स्वतःला हवेतून ऐकतो तसंच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि त्या वाटेने खर्ज जास्त येतो. माइकला तो मिळत नाही. ट्रॅक शेजारच्या मित्राला ऐकवा. त्याला तो तुमचा रोजचाच आवाज वाटेल.