परदेशस्थांचीं मतें आणि आमचें माजघर

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या धाकट्या बंधूंचें कॅलिफोर्नियाहून एक लांबलचक पत्र आलें. पत्र म्हणावयाचें तें केवळ जुन्या संवयीनें. पूर्वीं निळ्या पातळ कागदावर समासापर्यंत दाटून लिहिलेलें येत असे. आतां तें संगणकावर उतरतें आणि आमची कन्या तें कागदावर छापून आणून देते, कारण पडद्यावर वाचलेला मजकूर आमच्या डोक्यांत राहत नाहीं. वाचनाची रीत मात्र बदललेली नाहीं. रात्रीं जेवणें आटोपलीं, मागचें आवरून बायकामंडळी माजघरांत येऊन बसली, कीं पत्र मोठ्यानें वाचावयाचें, ही आमच्या घरची चाळीस वर्षांची वहिवाट आहे. ह्या खेपेचें पत्र सात पृष्ठांचें होतें, आणि त्यांत खुशालीच्या वांट्यास चार ओळी आल्या होत्या. बाकी सर्व मतें!

पहिलें मत हिंदीविषयीं. राज्य सरकारनें १६ एप्रिल २०२५ रोजीं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, जूनमध्यें त्या हुकुमास मुरड घातली, आणि लोकक्षोभ पाहून २९ जूनला सर्वच मागें घेतलें. बंधूंच्या मतें हें मागें घेणें तात्पुरतें असून महाराष्ट्र झोंपेंत आहे. दुसरें मत भिवंडीविषयीं, म्हणजे आमच्या गांवाविषयीं. तें असें कीं येथें आतां कांहीं उरलें नाहीं, घर विकावें. तिसरें मत कॅलिफोर्नियांतील जातिविषयक कायद्यासंबंधीं. तो कायदा होतां होतां राहिला त्यास दोन वर्षें झालीं, तरी बंधूंचा राग ओसरलेला नाहीं.

परदेशीं बसून स्वदेशास शहाणपण शिकविणाऱ्यांस 'दुरून डोंगर साजरे' म्हणून वाटेस लावणें सोपें असतें. आमच्या घरांतील तरुण मंडळी तेंच करिते. आम्हांस तें पटत नाहीं. महाराष्ट्राला परदेशाहून आलेल्या मतांनीं पूर्वीं चांगलेंच हलविलें आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास आणि १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. १८८७ सालीं निघालेलें तें पुस्तक आमच्यासारख्याच घरांच्या माजघराविषयीं होतें, आणि तें झोंबावें तसें झोंबलें. पण बाई १८८९ च्या आरंभीं परत आल्या, मार्चमध्यें मुंबईस शारदासदन काढून बसल्या, आणि त्याच वर्षीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठींत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्या देशाची स्तुति आहे, तशीच तेथील काळ्या लोकांस व मूळ रहिवाशांस मिळालेल्या वागणुकीबद्दल झाडाझडतीही आहे. आमच्या न्यायशास्त्रांत ज्याला देहलीदीपन्याय म्हणतात तो हाच : उंबरठ्यावर ठेविलेला दिवा घरांतही उजेड पाडतो व अंगणांतही. पुढें १८९३ सालीं सदनांतील मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलें. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. त्या प्रकरणांत आमचें मन बाईंच्या बाजूस नाहीं, हें मोकळेपणीं सांगतों. परंतु जें त्या दुरून बोलल्या त्याचा मोबदला त्यांनीं येथें राहून दिला.

सावरकरांचें उदाहरण तर सर्वांस परिचित आहे. १९०६ सालीं ते लंडनला गेले आणि तेथून 'विहारी' व 'काळ' या पत्रांस बातमीपत्रें धाडूं लागले. त्या बातमीपत्रांच्या प्रत्येक वाक्याशीं आम्ही सहमत आहों असें नाहीं. पण १९०९ सालीं त्यांचे वडील बंधु बाबाराव यांस जन्मठेप झाली, आणि १९१० च्या मार्चमध्यें ते स्वतः लंडनच्या स्टेशनावर पकडले गेले. मताची किंमत समुद्राच्या दोन्ही तीरांवर, आणि तीही त्यांच्याच घराण्यानें, मोजली.

तेव्हां मत कोठून आलें यापेक्षां त्याचें बिल कोणाच्या नांवें फाटतें, हें आम्ही आधीं पाहतों.

कायदाही थोडाबहुत असाच विचार करतो. परदेशीं राहणाऱ्या पण भारताचें नागरिकत्व राखलेल्या मनुष्यास २०१० सालच्या दुरुस्तीनें मताधिकार मिळाला. मात्र त्यानें आपल्या मतदारसंघांत जातीनें हजर राहिलें पाहिजे. प्रतिनिधीकरवीं मत देण्याची सोय करणारें विधेयक लोकसभेनें २०१८ सालीं मंजूर केलें, पण राज्यसभेंत तें संमत न होतां त्या लोकसभेच्या मुदतीबरोबरच गळालें. आमच्या बंधूंनीं तर नागरिकत्वच बदललें आहे, त्यामुळें त्यांस येथें मत नाहीं. मतें मात्र सात पृष्ठें!

हिंदीच्या प्रश्नावर बंधूंचें ऐकून घेणें आम्ही कर्तव्य समजतों, आणि त्याचें कारण आहे. उत्तर अमेरिकेंतील मराठी मंडळांची 'बृहन्महाराष्ट्र मंडळ' ही मध्यवर्ती संस्था १९८१ पासून आहे, आणि तिकडे ठिकठिकाणीं रविवारच्या मराठी शाळा चालतात. तशा एका शाळेंत बंधु कित्येक वर्षें रविवारची सुटी घालवून मुलांकडून बाराखडी गिरवून घेत आले. पगार नाहीं, मान नाहीं, थंडींत गाडी हांकीत जावयाचें. ज्यानें 'ळ' उच्चारतां न येणाऱ्या पोरांपुढें इतकीं वर्षें घसा कोरडा केला, त्याला मराठीच्या भवितव्याची काळजी करण्याचा हक्क आहे. आम्हीं स्वतः शाळेंत पस्तीस वर्षें मराठी व संस्कृत शिकविलें, पण आमच्या वर्गांत मुलें सरकारनें धाडिलीं होतीं. त्यांना तीं घरोघर जाऊन गोळा करावीं लागलीं. एवढेंच त्यांना आम्हीं कळविलें कीं, कामतघरच्या मुलाला तिसरी भाषा सरकारच्या हुकुमानें शिकावी लागत नाहीं. तो घरीं तेलुगु बोलतो, रस्त्यावर हिंदी ऐकतो, शाळेंत मराठी वाचतो. त्याची अडचण भाषा कमी पडण्याची नसून एकही धड लिहितां न येण्याची आहे, आणि ती त्या पत्रांत कोठें दिसली नाहीं.

भिवंडीविषयींचें मत मात्र आम्हीं कधींच मनावर घेतलें नाहीं. १९७० च्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं येथें दंगा पेटला. न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. १९८४ च्या मेमध्यें पुन्हां तेंच झालें. बंधु तेव्हां नुकतेच पदवी घेऊन घरीं आले होते. गच्चीवरून धुराचे लोट त्यांनीं पाहिले, आणि पुढल्याच वर्षीं ते गेले. त्यांच्या डोळ्यांत जी भिवंडी राहिली ती १९८४ ची. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळूं लागली तेव्हां अपरात्रीं त्यांचा फोन आला : "दादा, येईल त्या किंमतीला घर काढा आणि ठाण्याला जा." आम्ही गेलों नाहीं. त्या रात्रीं निर्धास्त झोंपलों असेंही नाहीं. दाराशीं बसून राहिलों. पण भिवंडी शांत राहिली. त्याचें बरेंचसें श्रेय १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं सुरू केलेल्या मोहल्ला कमिट्यांस दिलें जातें, आणि तें योग्य आहे. गल्लीगल्लींतले हिंदु व मुसलमान रहिवासी पोलीस शिपायांसह एकत्र बसत. नळाचें, गटाराचें, पोराच्या मारामारीचें भांडण लहान असतांच तेथें निघे. चार वर्षें ओळख वाढली होती, ती त्या डिसेंबरांत उपयोगी पडली. बंधूंना हें पत्रानें कळविलें, तर त्यांनीं उत्तरीं लिहिलें कीं 'ही शांतता वरवरची आहे.' हजारों कोसांवरून तळ कसा दिसला कोण जाणे!

आणि तरीही त्यांनीं एकदां आम्हांस निरुत्तर केलें, हें लपविणें अन्यायाचें होईल. पांच वर्षांपूर्वींच्या भेटींत पहिल्याच सकाळीं चहा घेतां घेतां ते म्हणाले, "रात्रभर झोंप लागली नाहीं. माग कां वाजत नाहींत?" त्यांच्या लहानपणीं आमच्या घरामागें यंत्रमागांची खटखट दिवसरात्र चाले, पाळण्यांतलीं पोरें त्या तालावर झोंपत. त्यांतले कांहीं कारखाने एकेक करून बंद झाले, पत्रे उतरले, भिवंडीच्या भोंवतालच्या भातखाचरांवर मोठमोठीं गोदामें उभीं राहिलीं. आणि आम्ही, जे येथेंच होतों, त्यांस हा आवाज कोणत्या वर्षीं थांबला तें सांगतां येईना. रोज पाहणाऱ्याला तळ्याचें पाणी उतरलेलें कळत नाहीं. मागवाल्यांच्या कर्जांविषयीं व विजेच्या बिलांविषयीं आम्हीं चौकशी करावयास घेतली ती त्या सकाळनंतर.

आतां कॅलिफोर्नियाचा कायदा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठांत असतांना १९०९ सालीं त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींचा इतिहास इंग्रजींत प्रसिद्ध केला. हिंदु लोक पृथ्वीवर इतरत्र पसरले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, असें त्यांनीं त्यांत म्हणून ठेविलें आहे. तेंच विधान डॉ. आंबेडकरांनीं १९१६ च्या मे महिन्यांत कोलंबिया विद्यापीठांत वाचलेल्या निबंधांत घेतलें. शंभराहून अधिक वर्षांनीं, फेब्रुवारी २०२३ मध्यें, सिॲटल शहरानें जातीवरून भेदभाव करण्यास बंदी केली. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनीं तसेंच विधेयक संमत केलें, पण प्रचलित कायद्यांत ही बंदी आधींच अंतर्भूत आहे असें म्हणून गव्हर्नर न्यूसम यांनीं ऑक्टोबरमध्यें तें नाकारलें. बंधु लिहितात, 'आमच्या मुलांना स्वतःची जात ठाऊक नाहीं. जी गोष्ट आमच्या घरांत नाहीं, तिचा डाग सरकार आम्हांवर कां पाडतें?' ह्या आक्षेपांत तथ्य नाहींच असें आम्ही म्हणत नाहीं. कायद्यानें एका समाजावर बोट ठेविलें तर त्यांतल्या निरपराध्यालाही तें टोंचतें.

हें पांचव्या पृष्ठावर होतें. सहाव्या पृष्ठाच्या दुसऱ्या ओळीशीं आम्हीं वाचन थांबविलें, चष्मा पुसला आणि उरलेलें उद्यां पाहूं म्हणालों.

कारण सांगितलें पाहिजे. आमच्या कन्येनें आपला विवाह स्वतः ठरविला आहे. मुलगा मागच्या गल्लींतला, पद्मशाली. त्याचे आजोबा तेलंगणांतून मागावर कामाला आले. वडिलांनीं स्वतःचे चार माग घातले. मुलगा हिशेबतपासनीस आहे. गणपति विसर्जनाला वऱ्हाळा तलावावर दोन्ही घरें वर्षानुवर्षें बरोबर जातात. मुलांत खोड काढण्यासारखें कांहीं नव्हतें, आणि आम्हीं अकरा दिवस हो कीं नाहीं तें सांगितलें नव्हतें. उलट बंधूंना सविस्तर कळविलें होतें. कळवितांना उत्तर काय यावें हेंही आम्हांस ठाऊक होतें, आणि तेंच आलें होतें : 'दादा, मुलगा चांगला असेल, पण आपल्यांत स्थळें संपलीं काय?'

जात घरांत नाहीं, या वाक्यापासून ह्या वाक्यापर्यंत पुरतें एक पृष्ठही नव्हतें. दुसऱ्या कोणाचें पत्र असतें तर आम्हीं हंसून माजघराला ऐकविलें असतें. पण हा नकार आम्हींच मागवून घेतला होता. बंधूंनीं फक्त आमच्या मनांतलें लिहून, तिकीट न लावतां परत धाडिलें होतें.

कन्या म्हणाली, "आबा, मींच छापलंय तें. मला सगळं माहीत आहे. द्या इकडे." आणि तिनें उभ्याउभ्या सहावें व सातवें पृष्ठ वाचून दाखविलें. सातव्या पृष्ठावर तिकडील दोन मुलांची माहिती होती : गोत्र, नक्षत्र, उंची, आणि डॉलरांतला पगार. तिनें त्यांतलें एकही अक्षर गाळलें नाहीं. आवाज शाळेंत हजेरी घेतात तसा. वाचून झाल्यावर कागद दुमडून आमच्या हातीं दिला. आमचें कुटुंब तेवढें बोललें : "भावजींचं काय, ते लिहून मोकळे. त्या मुलाच्या आईसमोर रोज दारांत उभं राहायचं आहे तें मला." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही मागच्या गल्लींत गेलों. तेथें काय बोलणें झालें त्याचा विस्तार येथें नको. चहा झाला, आणि मुलाच्या वडिलांनीं मागांची वीज बंद करून आम्हांस आंत नेलें. घरीं येऊन बंधूंना उत्तर लिहिलें. त्यांना दोष दिला नाहीं. तुमचें मत तुम्ही प्रामाणिकपणें कळविलेंत, आम्हीं तें आड लपण्याकरितां मागविलें होतें, एवढें मान्य केलें, आणि विवाह ठरल्याचें कळविलें.

चौथ्या दिवशीं दोन ओळी आल्या. ते माझें मत होतें, आग्रह नव्हे. तारीख लवकर कळवा, रजा आधीं मागावी लागते.

वैशाखांतली तिथि धरली आहे. पत्रिका मराठी व तेलुगु दोन्ही भाषांत छापावयास दिली. मराठी मजकुराचें मुद्रित आम्हीं तीन वेळां तपासलें आणि 'आशीर्वाद' शब्दांतली दीर्घ ई ऱ्हस्व पडली होती ती सुधारली. तेलुगु मजकूर आम्हांस वाचतां येत नाहीं. तो व्याह्यांनीं पाहिला.