सायकलवरची पाण्याची बाटली

मोशी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे या गावांतून सकाळच्या पाळीला पुष्कळ कामगार सायकलवर निघतात. हँडलला जेवणाचा डबा असतो. दांडीला पाण्याची बाटली असते. डबा रोज घासला जातो. बाटली मात्र नुसती विसळतात आणि पुन्हा भरतात. "पाणीच तर असते तिच्यात, घासायची कशाला?" असे पुष्कळांचे म्हणणे. मग महिन्या-दोन महिन्यांत बाटलीला डाग पडतात, वास येतो. ती टाकून दुसरी आणतात. हा खर्च आम्हांला पटत नाही.

सगळे डाग सारखे नव्हेत. कोणता डाग कशाचा, हे आधी ओळखावे.

पांढरा डाग क्षारांचा असतो. चाकणच्या बाजूला बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. पावसाचे पाणी मुरते, खडकातून झिरपत खाली जाते. जाताना चुन्यासारखे क्षार आपल्यात विरघळवून घेते. बाटलीतले पाणी वाळले की क्षार मागे राहतात. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो ना, तोच हा. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी नळाने येते. ते त्या मानाने हलके, म्हणून तिथे हा थर कमी बसतो. हा डाग दिसायला वाईट, पण त्याने कोणी आजारी पडत नाही. तो साबणाने जात नाही. त्याला आंबट लागते. एका लिंबाचा रस कपभर कोमट पाण्यात मिसळावा, तो बाटलीत घालावा, झाकण न लावता तासभर ठेवावा. आंबटाने क्षार सुटतात.

तपकिरी डाग चहाचा. त्याला खाण्याचा सोडा चांगला. दोन चमचे सोडा कोमट पाण्यात घालून बाटली रात्रभर ठेवावी. सोड्याने वासही कमी होतो.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, मग लिंबू आणि सोडा एकदमच घालू की!" तसे करू नका. दोन्ही एकत्र आले की फसफसतात आणि एकमेकांचा जोर मारतात. वर झाकण लावले तर आत वायू कोंडतो आणि झाकण उडते. एक दिवस लिंबू, दुसऱ्या दिवशी सोडा, असे करावे.

हिरवा डाग शेवाळाचा. पारदर्शक बाटली दिवसभर उन्हात राहिली की आत शेवाळ धरते. शेवाळाला उजेड लागतो. म्हणून बाटलीला जाड कापडाची पिशवी शिवून घ्यावी. ती ओली केली तर पाणी गारही राहते. पिशवी मात्र धुऊन वाळवत जावी.

खरी काळजी करायची ती डोळ्यांना न दिसणाऱ्या थराची. बाटलीत बोट फिरवून पाहा. आत बुळबुळीत लागले तर तो जंतूंचा थर समजा. सरबत, साखरपाणी, ताक भरले की तो लवकर धरतो. बाटली स्वच्छ दिसते, पण पोट बिघडते. झाकणातल्या काळ्या ठिपक्यांचेही तसेच. ती बुरशी. याच पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तिथे बुरशीपासून पेनिसिलीन तयार झाले. पण ती निवडून घेतलेली बुरशी, बंद टाक्यांत वाढवलेली. आपल्या झाकणातली बुरशी काही औषध नव्हे!

हा थर नुसत्या विसळण्याने निघत नाही, घासावाच लागतो. बाटलीत साबणाचे कोमट पाणी आणि मूठभर तांदूळ घालावेत, झाकण लावून दोन मिनिटे जोराने हलवावे. जिथे हात पोचत नाही तिथे तांदूळ पोचतात. झाकणात रबराची चकती असते, तिला कामगार वायसर म्हणतात. ती काडीने अलगद काढावी. तिच्याखालीच सगळी घाण दडलेली असते. जुन्या दात घासायच्या ब्रशाने खाच घासावी. वायसर काळाच राहिला तर नवा घालावा. मग बाटली चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन झाकण उघडे ठेवून उपडी वाळवावी. ओली बाटली बंद करून ठेवली की सगळी मेहनत वाया जाते. बाटली रोज रात्री अशी धुतली आणि वाळवली, तर लिंबू-सोड्याची गरज क्वचितच पडते.

प्लॅस्टिकला राख किंवा वाळू लावू नये. त्याने ओरखडे पडतात आणि घाण त्यांत बसते. संडासाचे ॲसिड तर बाटलीजवळ नेऊच नये. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी वायू निघतो. तांब्याच्या बाटलीला बाहेरून चिंच लावा, पण आत सरबत किंवा ताक भरू नका. आंबटाने तांबे पाण्यात उतरते.

आता कारखान्यातल्या कॅनविषयी. कूलंट, थिनर, ॲसिड यांचे रिकामे कॅन मजबूत दिसतात. काही जण ते घरी आणतात, धुतात आणि पाणी भरतात. हे कधीही करू नका. असली द्रव्ये प्लॅस्टिकमध्ये मुरतात. लिंबाने, सोड्याने, उकळत्या पाण्यानेही ती पुरती निघत नाहीत. डाग गेला, वास गेला, तरी तो कॅन पिण्याच्या कामाचा नाही. तसेच पाण्याच्या बाटलीत थिनर किंवा रॉकेल भरून घरात ठेवू नये. अंधारात मूल ती सरळ तोंडाला लावते.

नवी बाटली घेताना तळ पाहा. तिथे त्रिकोणात आकडा असतो. 1 आकड्याच्या थंडपेयाच्या पातळ बाटल्या गरम पाण्याने वाकतात, त्या पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी नाहीत. 2 किंवा 5 आकड्याची बाटली टिकते. आणि तोंड रुंद असावे, घासताना हात आत जाईल इतके.