बँकेचं न दिसणारं घड्याळ

तालुक्याच्या गावातल्या सायबर कॅफेत नेटबँकिंगची कामं बघत बसलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते. पैसे पाठवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो नवा लाभार्थी जोडण्यात. एक निवृत्त शिक्षक मुलीच्या घरमालकाचं खातं जोडत होते. आधी नाव, मग खाते क्रमांक, खात्रीसाठी तोच पुन्हा, मग अकरा अक्षरी आयएफएससी कोड. त्यात पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. काकांनी तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकला, खोडला, चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. शेवटी ‘सबमिट’ दाबलं, तर पडद्यावर उमटलं : सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा.

“अहो, मी तर सारखा टाइप करतोय!” काका म्हणाले.

ते खरंच होतं, पण सर्व्हरपर्यंत पोचलं नव्हतं. लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज बांधता येणार नाही असा सेशन क्रमांक देतो. पुढची प्रत्येक विनंती तो क्रमांक घेऊन जाते आणि शेवटची विनंती कधी आली यावरून सर्व्हर वेळ मोजतो; ठरलेली मुदत उलटली की सेशन बंद. फॉर्ममधली अक्षरं मात्र बटण दाबेपर्यंत बहुधा ब्राउझरमध्येच राहतात. काकांची सगळी मेहनत सर्व्हरच्या हिशेबी शांतताच होती.

मुदत हवीच. सेशन चालू असेपर्यंत तो क्रमांक ज्याच्या हाती, त्याला पासवर्ड लागत नाही. कॅफेतल्या संगणकावर दिवसभर माणसं बदलतात आणि नुसता टॅब बंद करून उठलेल्याचं सेशन सर्व्हरवर चालूच राहू शकतं. म्हणून कॅफेवाला प्रत्येकाला सांगतो, “दादा, आधी लॉगआउट, मग पैसे.” रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या निर्देशांतही ठरावीक काळ हालचाल नसेल तर सेशन आपोआप बंद व्हावं, असं आहे. युरोपीय संघात ही मर्यादा जास्तीत जास्त ५ मिनिटांची आहे.

पण काकांना दुसऱ्यांदाही बाहेर काढलं गेलं, तेव्हा त्यांनी पासवर्डचा कागदच पुढे केला. “तूच भर रे बाबा.” कॅफेवाल्याने तो घेतला नाही. “पासवर्ड तुम्हीच टाका काका, मी तिकडे बघतो. आणि आधी कोड मोठ्या अक्षरांत लिहून घेऊ, मग लॉगिन करू.” या वेळी काम झालं.

प्रत्येक कॅफेत असा माणूस भेटेलच असं नाही. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकात यावर उपाय आहे : मुदत संपण्याआधी इशारा द्यावा आणि एखादी साधी कळ दाबून ती वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत. सुरक्षेसाठी मुदत वाढवू देता येत नसेल, तिथेही निदान आधी इशारा तरी द्यावा. हळू हाताच्या माणसाला न सांगता बाहेर काढलं, तर तो आपलं गुपित परक्याच्या हाती देतो आणि ज्यासाठी मुदत घातली तेच धोक्यात येतं. इशारा देणं हे बँकेचं सौजन्य नव्हे, सुरक्षेचंच काम आहे.