पेट्रोल अडतं कुठे?

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून विकली गेली, पण खानदेशात ती फियाटच राहिली. १०८९ सीसीच्या तिच्या इंजिनाला पेट्रोल पोचवायची व्यवस्था साधी आहे. मागे टाकी, इंजिनाच्या अंगाला एसी पंप, वर सोलेक्स कार्बोरेटर. पंपाला वीज लागत नाही. कॅमशाफ्ट त्याचा दांडा ढकलतो, डायफ्राम हलतो, पेट्रोल ओढलं जातं.

ही व्यवस्था जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात हटून बसते. पेट्रोलातला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतो आणि भुसावळकडचा पारा तर पंचेचाळीस ओलांडतो. गाडी पळत असते तोवर वारा आणि टाकीतून येणारं नवं पेट्रोल निभावून नेतं. चाळीसगावहून औट्रम घाट चढून चहाला थांबलात, की पंचाईत. पंखा बंद, इंजिनाची धग पंपाला लागते, नळीत वाफ धरते. डायफ्राम मग वाफच दाबत बसतो. पंपावर ओलं फडकं गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं थांबावं. त्यावर सुरू झाली, की वाफेचाच खेळ होता.

प्रत्येक वेळी वाफच असते असं नाही. नवशिका लगेच कार्बोरेटर खोलतो, आणि माझ्या मते निम्मं नुकसान तिथेच होतं. जाणता मिस्त्री आधी प्लगला करंट आहे का बघतो. मग कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडतो आणि सेल्फ मारायला सांगतो. पिचकारी ठोक्याठोक्याने जोरात आली, तर टाकीपासून पंपापर्यंत सगळं ठीक. धार मेली किंवा बुडबुडे आले, तर मागे जायचं. टाकीचं झाकण सैल करून बघावं; त्याचं हवेचं भोक धुळीने बुजलं, की पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. पंपाआधीची रबरी नळी चिरली तर मोठी फसगत होते, कारण चालू गाडीत तिथून पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत शिरते. डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर डायफ्राम फाटल्याचा संशय आधी घ्यावा.

कार्बोरेटरची पाळी यानंतर. उभ्याने चालते पण पिकअप घेत नाही, तर मेन जेट बघा. पाय काढताच बंद पडते, तर स्लो जेट. जेटमध्ये तार मात्र कधी घालू नये. भोक केसभर वाढलं तरी अ‍ॅव्हरेज कायमचं जातं. हवा मारावी.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. टाकीच्या तळाचा कचरा सुटून फिल्टरमध्ये येतो. तेव्हा उन्हाळ्याआधी सगळ्या रबरी नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सोसणारे घालून घ्या. आणि बाटलीची परीक्षा कॉइलची वायर काढून, बिडी विझवूनच करा.