भोकाच्या काठावर काय घडते?

खेड तालुक्यातील लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाते. रासायनिक उद्योगात वापरली जाणारी पुष्कळशी आम्ले लोखंड खातात. अशी आम्ले साठवण्यासाठी काचतंतू आणि राळ यांचे थरावर थर देऊन बनवलेल्या टाक्या वापरतात. या पदार्थाला स्तरित संमिश्र पदार्थ म्हणतात. पण टाकीला नळ जोडायचा, तर भोक पाडावेच लागते आणि टाकी तिथेच दुबळी होते. किती दुबळी, हे मोजायचे कसे?

जगबुडी नदीचे पाणी पुलाच्या खांबाला वळसा घालताना दोन्ही बाजूंना दाटते. ताणलेल्या पट्टीतील बलही तसेच भोकाच्या दोन्ही बाजूंना दाटते. रुंद धातूच्या पट्टीत लहान गोल भोकाच्या काठावर प्रतिबल तिप्पट होते, हे जर्मन अभियंता कीर्श याने १८९८ मध्ये गणिताने दाखवले. संमिश्र पदार्थात हा आकडा तंतूंच्या दिशेवर ठरतो. सर्व कार्बन-तंतू ताणाच्याच दिशेने असतील, तर तो सहा-सात पटींपर्यंत जातो. थरांच्या दिशा आलटून पालटून ठेवल्या की पुन्हा तिपटीजवळ येतो. शिवाय पोलाद काठाशी थोडे ताणले जाऊन भार शेजाऱ्यावर ढकलते. राळ तसे करत नाही. तिला बारीक तडे जातात, थर सुटू लागतात आणि गळतीला वाट मिळते.

लांबीतील वाढ भागिले मूळ लांबी म्हणजे विकृती. ती मोजायला आपण धातूच्या पातळ पत्र्याची नागमोडी जाळी पृष्ठभागावर चिकटवतो. हा विकृतिमापक. पृष्ठभाग ताणला की जाळीचा विद्युत रोध वाढतो. विकृती ०.००१ असेल, तर १२० ओहमच्या मापकात फरक पडतो सुमारे ०.२४ ओहमचा. तो पकडायला शाळेत शिकवतो तोच व्हीटस्टन सेतू लागतो.

खरी अडचण पुढे आहे. मापक आपल्याखालच्या सर्व जागेची सरासरी सांगतो. धातूच्या पट्टीतील ५ मिमी व्यासाच्या भोकाच्या काठापासून अडीच मिमी दूर गेले, की तिप्पट प्रतिबल सव्वापटीहूनही खाली येते. काठाला लागून ३ मिमी रुंद मापक लावला, तर तो तिपटीऐवजी सुमारे दीडपट विकृती दाखवील. त्यावर विसंबून टाकी बांधली, तर? म्हणून १ मिमी किंवा त्याहून लहान मापक ओळीने लावतात आणि आलेख काठापर्यंत वाढवतात. आता पृष्ठभागावर रंगाचे ठिपके उडवून, ताणण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे संगणकाने ताडूनही विकृती मोजतात.

हे वर्गात करून पाहा. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून सपाट करा. मधोमध १ सेंमीचे भोक पाडा. बॉलपेनने ५ मिमीचे चौकोन आखा आणि दोघांनी ताणून धरा. भोकाच्या दोन्ही बाजूंचे चौकोन इतरांपेक्षा किती लांबले, ते मोजा. मग दुसऱ्या तुकड्यावर अडीच मिमीचे चौकोन आखून तसाच ताण द्या. काठाशी उत्तर वाढलेले दिसेल. रबर तेच, भोक तेच; मग उत्तर का बदलले, हे मुलांनाच शोधू द्या. कोणताही मोजलेला आकडा पाहिला की 'हा किती जागेचा?' असे विचारायची सवय त्यांना यातून लागेल.